बिनीस (श्रावण घेवडा): कच्चा रस नको, वाटीभर शिजवलेली भाजी हवी

करवीर_आहार

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात आहारसल्लागार म्हणून काम करते. सध्या माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतोय. सकाळी उपाशीपोटी बिनीसचा कच्चा रस प्या, साखर उतरेल, रक्त वाढेल, हाडं घट्ट होतील, असं त्यात सांगितलंय. परवा एक काकी लक्ष्मीपुरीच्या मंडईतून बिनीसची भरलेली पिशवी घेऊन थेट माझ्याकडेच आल्या. रस किती घ्यायचा, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यांना जे सांगितलं ते इथेही सविस्तर लिहावंसं वाटलं. ही भाजी चांगली आहे, आपल्याकडे जवळपास वर्षभर मिळते, आणि भलत्या कारणासाठी ती भलत्या पद्धतीने पोटात जावी असं मला मनापासून वाटत नाही.

आधी कोणत्या शेंगेबद्दल बोलतेय ते सांगते. फरसबी, श्रावण घेवडा किंवा आपल्या मंडईतली बिनीस, ही कोवळी हिरवी गोल शेंग. वरणा, गवार आणि चवळीची शेंग ही वेगळी झाडं, त्यांचे आकडे इथे लावू नका. राजमा मात्र याच जातीचा. शेंग कोवळी तोडली की बिनीस, पिकून वाळू दिली की आतला दाणा राजमा.

१०० ग्रॅम कच्च्या बिनीसमध्ये ९० ग्रॅम पाणीच असतं. ऊर्जा ३१ कॅलरीच्या आसपास, तंतू साधारण ३ ग्रॅम, प्रथिनं जेमतेम २ ग्रॅम, क जीवनसत्त्व १२ मिलिग्रॅम, फोलेट (ब९ जीवनसत्त्व) ३३ मायक्रोग्रॅम, पोटॅशियम २१० मिलिग्रॅम, कॅल्शियम ३७ मिलिग्रॅम आणि लोह १ मिलिग्रॅम. शेंगेच्या जातीप्रमाणे आणि कोवळेपणाप्रमाणे हे आकडे थोडे खालीवर होतात.

आता व्हिडिओतला 'रक्त वाढतं' हा दावा या आकड्यांसमोर ठेवून बघा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. वाटीभर बिनीस त्यातलं १ देते. त्यामुळे हिमोग्लोबिन ७-८ वर आलेल्या मुलीला गोळ्या बंद करून बिनीसवर ठेवणं हे तिचं नुकसान करणं आहे. असं करणारी घरं मी बघते आणि फार वाईट वाटतं. हाडांचंही तसंच. दिवसाला कॅल्शियम लागतं १००० मिलिग्रॅम, ते ३७ने कसं भागणार?

मग या भाजीत आहे काय? पोट भरतं आणि कॅलरी फारशा जात नाहीत, हा मोठा गुण. आपल्या ताटात दोन-तीन भाकऱ्या किंवा भाताचा ढीग आणि कोपऱ्यात चमचाभर भाजी, अशी मांडणी असते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या आहारात रोज ४०० ग्रॅम भाज्या धरल्यात. चमचाभराने तो आकडा कुठून गाठणार? बिनीस तिखटजाळ न करताही चवीला लागते, मुलं खातात, सर्दी-पडशातही चालते, म्हणून वाटीभर खाणं जमतं. तिच्यातला तंतू जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरू देतो आणि पोट साफ ठेवतो. मधुमेह्याला फायदा होतो तो असा, इतर पिष्टमय पदार्थ कमी करून त्या जागी ही भाजी आली तर. रस गाळला की तंतू चोथ्यात गेला, म्हणजे ज्यासाठी खायची तेच टाकून दिलं.

आणि कच्चा रस तर नकोच नको. या कुळातल्या शेंगांत आणि दाण्यांत फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. राजम्यात ते सगळ्यात जास्त. नीट न शिजलेले चार-पाच दाणेसुद्धा एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू करू शकतात. कोवळ्या शेंगेत ते कमी असतं, पण असतं. नीट शिजवलं की निकामी होतं. रस करायला एक पेला भरेपर्यंत किती शेंगा लागतील याचा अंदाज घ्या, म्हणजे धोका लक्षात येईल.

तुमच्या घरी बिनीस कशी करतात, कोणाला काय त्रास-फायदा झाला, जरूर लिहा. औषधं चालू असलेल्यांनी ती सांगून विचारा.

माळावरचा_शेतकरी

ताई, चांगलं लिवलंसा. मी शिरोळ भागातला, उसात आंतरपीक म्हणून बिनीस करतोय. लावणीनंतर दीड-दोन महिन्यांत पहिला तोडा येतो, ऊस मोठा हुईस्तोवर पैसा हातात पडतो, म्हणून आमच्याकडं बरेच जण करत्यात.

घेताना बघायचं काय, ते सांगतो. शेंग मधनं मोडा. कट्ट करून मोडली आन मोडल्याजागी पाणी दिसलं तर ताजी. वाकली पर मोडली न्हाई, म्हंजे शिळी. आतला दाणा वरनं फुगलेला दिसला तर जून झालीया, दोरा निघणार आन चोथा लागणार. लांबलचक चकचकीत शेंगेच्या मागं लागू नगासा, मध्यम शेंगेला चव जास्त.

फवारणीच्या औषधाचं पण बोलतो, कारण ह्यावर कुणी बोलत न्हाई. बिनीसचा तोडा दोन-तीन दिवसांआड असतोय. फवारणीच्या डब्यावर लिहिलेलं असतं, मारल्यावर इतके दिवस तोडायचं न्हाई. ते दिवस पाळायचं म्हटलं तर एखादा तोडा जून होऊन वाया जातोय. दर चांगला असला की माणसाचा जीव होत न्हाई. म्या तोडा सोडतो, जनावरालाबी घालत न्हाई. पर समदे सोडत्यात असं म्हणणार न्हाई. तवा घरात आणल्यावर धुवून घ्याच.

करवीर_आहार

दादा, एवढं खरं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. धुण्याबद्दल सांगते: वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा, मग थोडा वेळ खायच्या सोड्याच्या पाण्यात ठेवून पुन्हा स्वच्छ धुवा. वर बसलेलं औषध बऱ्यापैकी निघतं. शेंगेच्या आत मुरलेलं निघत नाही, म्हणून तुमच्यासारखे थांबणारे शेतकरीच खरा उपाय आहेत. आणि हो, धुणं चिरण्याच्या आधी. चिरून पाण्यात टाकून ठेवली की क जीवनसत्त्व आणि फोलेट दोन्ही पाण्यात उतरतात.

भाकरीखर्डा

आमच्या शेतात लहानपणी आम्ही बिनीस कच्ची खायचो. येताजाता तोडायची आणि तोंडात टाकायची. कुणाला काही झालं नाही. उगीच घाबरवताय असं वाटतं ताई.

करवीर_आहार

भाऊ, दोन-चार कोवळ्या शेंगा तोंडात टाकल्या तर बहुतेकांना काही होत नाही, हे तुमचं खरं आहे. दाणा धरायच्या आधीची शेंग, तीही थोडी, आणि धडधाकट पोट. पण व्हिडिओ पाहून रस पिणारा माणूस रोज उपाशीपोटी पाव किलोचा रस घेतो, आणि बऱ्याचदा तो साठीचा असतो, मधुमेह असतो, गोळ्या चालू असतात. त्याला उलट्या-जुलाब झाले तर शरीरातलं पाणी जातं, पोटात अन्न टिकत नाही आणि गोळीमुळे साखर एकदम खाली येऊ शकते. मला भीती आहे ती या माणसाची.

राजम्याबाबत मात्र कुणीही सैल राहू नका. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळू द्या आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. प्रेशर कुकर असेल तर प्रश्नच मिटतो. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकणं सगळ्यात वाईट. अर्धवट तापल्यावर हे प्रथिन उलट जास्त त्रास देतं.

राजारामपुरी_सून

माझ्या सासूबाईंची हृदयाची झडप बदललीय. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, अ‍ॅसेनोकुमरॉल. शेजारच्या वहिनींनी सांगितलं की हिरवी भाजी पूर्ण बंद करा. तेव्हापासून त्या बटाटा आणि दोडका सोडून काही खात नाहीत. बिनीस द्यायची का?

करवीर_आहार

ताई, पूर्ण बंद करायची गरज नसते, आणि बंद केल्याने दुसराच घोळ होतो. या गोळीचं काम के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध दिशेने चालतं. ते आज शून्य आणि उद्या ढीगभर असं झालं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) हेलकावे खातो. म्हणून प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं. १०० ग्रॅम बिनीसमध्ये के जीवनसत्त्व ४०-४५ मायक्रोग्रॅम, तेवढ्याच पालकात ४८०च्या घरात. म्हणजे सासूबाईंसाठी बिनीस ही हिरव्या भाज्यांतली त्यातल्या त्यात सोपी. पण सध्याचा डोस त्यांच्या आताच्या जेवणावर बसवलेला असणार. त्यामुळे आधी डॉक्टरांना सांगा की आम्ही भाजी सुरू करतोय, मग ठरावीक वाटीने सुरू करा आणि पुढचा आयएनआर वेळेवर तपासा.

ज्यांना अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या आहेत, त्यांना के जीवनसत्त्वाचं हे बंधन लागू नाही. नावं नीट वाचून घ्या.

गंगावेस_स्वयंपाकघर

ताई विचारतायत कशी करता, तर आमच्या घरची लिहिते. ही माझ्या आत्याची पद्धत, आणि आमच्या घरात बिनीस कधी उरत नाही.

बिनीस धुवून कोरडी करायची. दोन्ही टोकं मोडून दोरा ओढायचा, मग अगदी बारीक चिरायची. मोठे तुकडे केले की वरून शिजते आणि आत कचकच राहते. मूठभर मूगडाळ अर्धा तास भिजत घालायची. कढईत तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, मग कांदा. कांदा मऊ झाला की डाळ आणि बिनीस एकदम टाकायची, मीठ घालून मोठ्या आचेवर परतायची. पहिली तीन-चार मिनिटं झाकण ठेवायचं नाही, रंग चांगला राहतो. मग पाण्याचा एक हबका मारायचा, ताट झाकायचं आणि ताटात पाणी ओतायचं. वाफेवर डाळ बोटाने चेपली जाईपर्यंत ठेवायची.

कांदा-लसूण चटणी शेवटी, एक चमचा. आधी घातली तर जळते आणि भाजी काळी होते. वरून शेंगदाण्याचं कूट, ओलं खोबरं आणि कोथिंबीर. कूट नको असेल तर कारळ्याची चटणी भुरभुरा, तिचा खमंगपणा बिनीसला फार छान बसतो. सोबत ज्वारीची भाकरी. चपातीबरोबर तितकी मजा येत नाही, हे माझं ठाम मत.

आमटीतही घालते, पण चिंच-टोमॅटो सगळ्यात शेवटी. आंबट आधी पडलं की शेंग लवकर शिजतच नाही.

करवीर_आहार

काकी, तुमच्या आत्यांनी न सांगता सगळं शास्त्र केलंय. आंबटपणामुळे शेंगेच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही, म्हणून ती टणक राहते. सुरुवातीला झाकण नको, कारण शेंगेतली आम्लं वाफेबरोबर निघून जातात. झाकलं तर ती परत पडतात आणि हिरवा रंग शेवाळी होतो. डाळ आणि भाकरी एकत्र आल्याने प्रथिनंही सुधारतात, कारण ज्वारीत लायसिन (प्रथिनांचा एक गरजेचा घटक) कमी असतं आणि डाळीत ते भरपूर असतं. फोडणीतल्या तेलामुळे शेंगेतली कॅरोटिनं (ज्यांपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) अंगी लागतात. एवढीच विनंती, कूट आणि खोबरं दोन्ही घालणार असाल तर वजन उतरवणाऱ्यांनी हात आखडता घ्यावा. ३१ कॅलरीची भाजी बघताबघता दोनशेवर जाते.

हॉटेलवाले रंगासाठी सोडा टाकतात, तो घरी नको. सोड्याने रंग हिरवागार राहतो, पण ब१ आणि क जीवनसत्त्वाचा नाश होतो.

जेवताना वरून लिंबू पिळा. शिजवताना गेलेलं क जीवनसत्त्व थोडंफार भरून येतं आणि भाकरी-भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा मात्र टाळा, तो लोह अडवतो.

मेसचा_डबा

शिवाजी विद्यापीठात शिकतोय, खोलीवर राहतो. मेसमध्ये आठवड्यातून एकदा बिनीस-बटाटा येतो, त्यात बिनीस शोधावी लागते. जिमला जातो, कुणीतरी सांगितलं बीन्समध्ये भरपूर प्रोटीन असतं. म्हणून खोलीवर उकडून खायला लागलोय. बरोबर करतोय का?

करवीर_आहार

बाळा, इथे कोवळी शेंग आणि वाळलेला दाणा यांची गल्लत होतेय. कोरड्या राजम्यात १०० ग्रॅमला २३-२४ ग्रॅम प्रथिनं असतात, शिजवल्यावर पाणी पिऊन फुगतो म्हणून १०० ग्रॅम शिजलेल्यात ८-९ राहतात. हिरव्या शेंगेत २. प्रथिनांसाठी अंडी, दूध, मटकी, हरभरे, राजमा घे. आपल्या शेजारी साताऱ्याच्या कोरेगाव भागात वाघ्या घेवडा होतो, त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. पट्टेरी दाणा, चवीला सुरेख, मिळाला तर जरूर कर.

बिनीस उकडून खातोयस ते थांबवू नकोस. फक्त उकडलेलं पाणी ओतून देऊ नकोस, वरणात किंवा सूपमध्ये वापर. दोन अंडी फोडून त्यातच परतलीस तर एका कढईत जेवण होईल.

पन्हाळा_रोड

वडिलांची किडनी कमी काम करते, क्रिएटिनिन वाढलेलं आहे, डायलिसिस नाही. पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलंय. पाणी फेकू नका म्हणताय, मग आम्ही काय करायचं?

करवीर_आहार

दादा, तुमच्या घरी बरोबर उलटं करायचं. बिनीस चिरून भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी ओतून द्या आणि मग फोडणी द्या. पोटॅशियम पाण्यात उतरतं. कच्च्यात २१० मिलिग्रॅम असेल तर उकडून निथळलेल्यात १५०च्या खाली येतं. बटाट्यात ४००च्या वर आणि पालकात ५५०च्या वर असतं, त्या मानाने ही भाजी किडनीच्या रुग्णाला पुष्कळ सोयीची. जीवनसत्त्वं थोडी जातील, ती जाऊ द्या, वडिलांसाठी पोटॅशियम महत्त्वाचं. राजमा आणि डाळींचं प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असेल तेच पाळा. आणि कमी सोडियमचं म्हणून जे मीठ बाजारात मिळतं ते घरात आणूच नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. बिनीसपेक्षा त्याचा धोका कितीतरी मोठा आहे.

आजऱ्याची_लेक

मला चौथा महिना सुरू आहे. आई म्हणते घेवडा वातूळ, पोटात गॅस धरतो, खाऊ नको. सोशल मीडियावर वाचलं फोलेट असतं, खा. कुणाचं ऐकू?

करवीर_आहार

अभिनंदन! दोघींचं थोडं थोडं ऐक. या कुळात रॅफिनोजसारख्या शर्करा असतात, त्या लहान आतड्यात पचत नाहीत आणि पुढे मोठ्या आतड्यात जिवाणू त्यांचा वायू करतात. आईचा अनुभव त्यातून आलेला आहे. पण त्या मुख्यतः पिकलेल्या दाण्यात साठतात, कोवळ्या शेंगेत कमी. म्हणून कोवळी निवड, मऊ शिजव, हिंग-आलं-ओवा घाल, सुरुवातीला अर्धी वाटी घे. गरोदरपणात बद्धकोष्ठता बहुतेकींना सतावते, तिथे या भाजीचा चांगला उपयोग होतो.

फोलेटसाठी मात्र भाजीवर विसंबू नकोस. गरोदरपणात दिवसाला ५७० मायक्रोग्रॅमची शिफारस आहे आणि वाटीभर बिनीसमध्ये ३३, शिजवल्यावर त्याहून कमी. डॉक्टरांनी दिलेल्या फॉलिक अ‍ॅसिड आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस.

गंगावेस_स्वयंपाकघर

आणि बाळा, पोटात धरतंय वाटलं तर मूगडाळ घालू नको, नुसती बिनीस खोबऱ्यावर कर. रात्री नको, दुपारी खा. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी अशीच खाल्ली.

राजारामपुरी_सून

डॉक्टरांशी बोलले. ठरावीक वाटी रोज चालेल म्हणाले, तपासणीची तारीखही दिली. सासूबाईंना किती दिवसांनी हिरवी भाजी ताटात दिसली म्हणून फार आनंद झाला. आता दुसरा प्रश्न: आमची गच्ची मोठी आहे. फवारणीच्या औषधाचं वाचून बिनीस घरीच लावावी असं वाटतंय. कुंडीत येते का?

माळावरचा_शेतकरी

येती की वहिनी. झुडपासारखी वाढणारी जात घ्या, कंटेंडर न्हाईतर अर्का कोमल. वेलाची घेतली तर मांडव करावा लागंल. कुंडी वीतभर खोल तरी पायजे, खाली भोक, मातीत चांगलं कुजलेलं शेणखत. बी रोपवाटिकेत करू नका, थेट कुंडीतच टोकायचं, बोटाच्या दोन पेरांइतकं खोल. कोवळं रोप उपटून लावलं की मरतंय. पाणी साचू दिलं तर मूळ कुजतंय, म्हणून आपल्या जुलैच्या पावसात कुंडी आडोशाला ठेवा. भर उन्हाळ्यात फुलं गळत्यात, तवा पावसाचा जोर कमी झाल्यावर न्हाईतर थंडीत लावा.

मावा आला तर पानाच्या मागच्या बाजूला निंबोळी अर्क मारा. आन शेंगा झाडावर राखू नका. एक-दोन जून झाल्या की झाड नवी फुलं धरायचं कमी करतंय. दोन दिवसांआड सकाळी तोडत ऱ्हावा, महिनाभर तरी घरापुरती मिळंल. दोन-चार कुंड्यांनी भागणार न्हाई, दहा-बारा लावा आन आठ-पंधरा दिवसांच्या फरकानं लावा, म्हंजे एक संपली की दुसरी चालू.